ताऱ्यांची रजई आणि शेतघरातील तुटक वेळ

हस्तव्यवसायांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला एक अडचण पदोपदी जाणवते. वस्तू त्याच्या हाती लागते. परंतु ती घडविताना खर्ची पडलेला वेळ हाती लागत नाही. ती करण्यासाठी कोण किती दिवस खपले, कोणते काम बाजूस ठेवावे लागले, मध्येच किती वेळा हात थांबवावा लागला, यांविषयी वस्तू सहसा मुकी असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतकरी कुटुंबांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ज्या तुकडेजोड रजया तयार झाल्या, त्या या नियमास काही अंशी अपवाद आहेत. त्यांच्या रचनेतच कामाच्या वेळेची विभागणी उमटलेली दिसते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी ताऱ्याची आकृती असलेल्या रजयांचा विचार करावयाचा आहे.

या रजयांची उत्पत्ती सामान्यतः दारिद्र्याशी जोडली जाते. कापड महाग, ते दूर देशाहून येणारे. म्हणून गृहिणीने चिंधी न् चिंधी जपली आणि तिची रजई केली, असे हे सर्वपरिचित स्पष्टीकरण आहे. त्यात तथ्यांश नाही असे नाही. तथापि ताऱ्याच्या खंडाची घडण बारकाईने पाहिली असता असे दिसते की, त्या घरांत कापडाहूनही दुर्मीळ अशी एक वस्तू होती, आणि ती म्हणजे सलग वेळ. ताऱ्याचा खंड हे त्या टंचाईला शोधलेले उत्तर होते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. संज्ञा आणि रचना

इंग्रजीत जिला ‘क्विल्ट’ म्हणतात तिला येथे ‘रजई’ हा शब्द योजिला आहे, कारण तिचे तीन थर असतात: वर तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा भराव, आणि खाली साधे अस्तर. हे तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र टाचले म्हणजे रजई पुरी होते. दर्शनी पदर ज्या समान चौरसांचा बनतो, त्यांपैकी प्रत्येकास ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यास आपण ‘खंड’ म्हणू. खंड बहुधा एका हातात मावेल, मांडीवर ठेवता येईल एवढा असतो. बारा इंच बाजूचा खंड हा पुष्कळसा रूढ आकार होय.

आपल्याकडील गोधडीशी किंवा वाकळेशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होईल. गोधडीत जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरतात आणि धावदोऱ्याच्या समांतर ओळींनी ते एकजीव करतात. तिचे मूळ एकक ‘थर’ हे आहे. पहिला टाका घालण्यापूर्वीच गोधडीची लांबीरुंदी ठरलेली असते. खंडांच्या रजईचे एकक ‘खंड’ हे आहे. पहिला खंड पुरा होतो तेव्हा रजई कोठेच नसते. ती पाळण्याएवढी व्हावयाची की पलंगाएवढी, हेही पुढे ठरविता येते.

युरोपात आणि आरंभीच्या अमेरिकेत अशी खंडरचना प्रमुख नव्हती. एकाच सलग कापडावर टाके घालून केलेल्या, किंवा मध्यभागी एक आकृती घेऊन तिच्याभोवती किनारीमागून किनार जोडत नेलेल्या रजया तेथे प्रतिष्ठित होत्या. समान खंडांची पद्धत अमेरिकेत १८४० च्या सुमारास जोर धरू लागली आणि पुढील शंभर वर्षे तीच तेथील प्रधान पद्धत ठरली.

२. शेतघराचा दिवस

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक पात्र अर्जदारास १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू लागली. पाच वर्षे तेथे राहून ती कसली म्हणजे मालकी पक्की होई. कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा या गवताळ प्रदेशांत यामुळे एकमेकांपासून दूर पसरलेली शेतघरे उभी राहिली. अशा घरातील स्त्रीच्या कामांची यादी करणे सोपे आहे, परंतु त्या कामांचा स्वभाव ध्यानी घेणे अधिक महत्त्वाचे आहे.

गाई ठरल्या वेळी पिळाव्याच लागतात. दूध तापवणे, साय काढणे, लोणी घुसळणे ही कामे उद्यावर टाकता येत नाहीत. चुलीत सरपण सरले की उठावे लागते; पाव भट्टीत असला की दूर जाता येत नाही. कोंबड्या, परसातील भाजीचा मळा, विहिरीचे पाणी, आणि या सर्वांवर लहान मुले. सोमवारी धुणे, मंगळवारी इस्त्री असा आठवड्याचा क्रम पुष्कळ घरांत रूढ होता. उन्हाळ्याच्या शेवटी फळे व भाज्या बरण्यांत भरून ठेवण्याची घाई असे, आणि मळणीची टोळी आली म्हणजे दहापंधरा माणसांचा स्वयंपाक एकाएकी अंगावर पडे. दिवसाचा उजेड मोलाचा होता. १९३५ च्या सुमारासही देशातील शेतांपैकी जेमतेम दहांतील एका शेतावर वीज पोहोचली होती. ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा १९३६ मधील आहे. तोवर संध्याकाळचे शिवणकाम घासलेटच्या दिव्याशी बसूनच करावे लागे.

या कामांचे एक समान लक्षण असे की, त्यांच्यामध्ये वेळ उरतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी उरतो. पीठ फुगेपर्यंत थोडा, मूल निजले असेतो थोडा, पुरुष शेतावरून परतेपर्यंत थोडा. शिवाय हा वेळ केव्हा संपेल हे तो घेणारीच्या हाती नसते. अशा वेळात जे काम बसू शकेल, त्याला तीन गुण आवश्यक आहेत. ते कोणत्याही क्षणी खाली ठेवता आले पाहिजे. पुन्हा हाती घेताना कोठवर आलो होतो हे आठवण्याचे श्रम पडता कामा नयेत. आणि एका बैठकीत झालेली चूक पुढील सर्व कामाला बाधता कामा नये. ताऱ्याचा खंड या तीन कसोट्यांना कितपत उतरतो हे आता पाहू.

३. सरळ शिवणीचा तारा

ताऱ्याच्या खंडांचे प्रकार शेकड्यांनी मोजता येतील. बार्बरा ब्रॅकमन यांनी तुकडेजोड नमुन्यांचा जो कोश सिद्ध केला आहे त्यात चार हजारांहून अधिक नमुने नोंदलेले असून त्यांत ताऱ्यांचा वाटा मोठा आहे. आपल्या विवेचनासाठी दोन आठटोकी तारे पुरेत.

पहिला ‘ओहायो स्टार’ या नावाने प्रसिद्ध आहे. बारा इंचांचा चौरस घेऊन त्याचे चार-चार इंचांचे नऊ समान चौरस कल्पावेत. मधला आणि चार कोपऱ्यांतील असे पाच चौरस अखंड ठेवावयाचे. उरलेले चार चौरस दोन्ही कर्णांवर छेदून प्रत्येकाचे चार त्रिकोण करावयाचे, आणि गडद व फिकट त्रिकोण आलटून-पालटून जोडावयाचे. गडद त्रिकोणांमुळे मधल्या चौरसाभोवती आठ टोके उभी राहतात आणि तारा दिसू लागतो.

यात पाच चौरस आणि सोळा त्रिकोण, म्हणजे एकवीस तुकडे आले. प्रत्येक शिवण दोन भागांचा एक भाग करते. म्हणून एकवीस तुकड्यांचा एक खंड होण्यास नेमक्या वीस शिवणी लागतात. बारा शिवणींत चार चौकडे तयार होतात, सहा शिवणींत तीन ओळी होतात, आणि शेवटच्या दोन शिवणींत ओळी एकमेकींस जोडल्या जातात. या विसांपैकी प्रत्येक शिवण सरळ आहे. सर्वांत लांब शिवण बारा इंचांची आणि सर्वांत आखूड तीन इंचांहूनही कमी. कोणतीही शिवण संपली की काम टोपलीत टाकता येते. आणि पुन्हा हाती घेतले की पुढचे पाऊल कोणते हे तुकड्यांच्या आकारावरूनच कळते, त्यासाठी काही लिहून ठेवावे लागत नाही.

कापडाच्या दृष्टीनेही ही रचना शहाणपणाची आहे. कापड उभ्या वा आडव्या धाग्याच्या दिशेने सहसा ताणले जात नाही; तिरपे, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने, ते सहज ताणते. चौरस दोन्ही कर्णांवर छेदला असता प्रत्येक त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर येते आणि आखूड बाजू उरेबात येतात. खंड जोडला म्हणजे लांब बाजू बाहेर आणि उरेब बाजू आत, शिवणीत बंदिस्त होतात. परिणामी पुऱ्या झालेल्या खंडाच्या चारही कडा सरळ धाग्यावर असतात. तो पेटीत कित्येक महिने पडून राहिला, मुलांनी हाताळला, तरी बेडौल होत नाही. मापेही सोपी आहेत. पाव इंच माया सोडावयाची असेल तर अखंड चौरस साडेचार इंचांचा कापावयाचा, आणि चार त्रिकोणांसाठीचा मूळ चौरस सव्वापाच इंचांचा.

दुसरा तारा ‘लेमॉइन स्टार’ किंवा ‘लेमन स्टार’ या नावांनी ओळखला जातो. यात पंचेचाळीस अंशांच्या कोनाचे आठ समभुज चौकोन केंद्राशी एकत्र येतात. त्यांच्या टोकांमधील खाचांत चार चौरस आणि चार त्रिकोण बसविले म्हणजे खंड पुरा होतो. तुकडे सोळाच, म्हणजे पहिल्याहून पाच कमी. परंतु काम सोपे नाही. समभुज चौकोनाची बाजू ‘स’ मानली तर खंडाची बाजू ‘स’ची दुप्पट अधिक ‘स’ गुणिले दोनचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.४१४ ‘स’ एवढी भरते. बारा इंचांच्या खंडात ‘स’ सुमारे ३.५१५ इंच येते, आणि हे माप कोणत्याही घरगुती पट्टीवर नसते. ते दोरीने किंवा कंपासाने मात्र अचूक काढता येते. चौरसाच्या कोपऱ्यावर एक टोक ठेवून केंद्रापर्यंतचे अंतर घ्यावे आणि ते त्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर आखावे. चारही कोपऱ्यांशी असे केले म्हणजे प्रत्येक बाजूवर हवे ते दोन बिंदू मिळतात. कागद घड्या घालूनही हेच साधते. एकदा पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला म्हणजे तो वर्षानुवर्षे चालतो, शेजारणीला उसना देता येतो. अंकगणिताने जे किचकट, ते घडीने सुलभ होते.

अडचण येते ती शिवताना. तुकडे कमी असूनही जोडावयाच्या कडा चोवीस भरतात. आठ खाचांपैकी प्रत्येक खाचेत शिवण माया सोडून नेमक्या बिंदूवर थांबवून तेथून वळवावी लागते. केंद्राशी आठ टोके एकत्र येतात. तेथे प्रत्येकी सुताएवढी चूक झाली तरी मध्ये भोक पडते किंवा कापड फुगते. हे काम चित्त एकाग्र करून करावयाचे आहे. पीठ फुगेपर्यंतच्या वेळात ते सुखाने होत नाही. दोन्ही तारे आठ टोकांचेच; परंतु पहिला तुटक वेळेचा आणि दुसरा निवांत वेळेचा, असा त्यांत भेद करता येईल.

आता सबंध रजईचा हिशेब पाहू. सहा खंड रुंद व सात खंड लांब अशा बेचाळीस खंडांत बहात्तर इंच रुंद आणि चौऱ्याऐंशी इंच लांब पदर होतो. तारा आणि साधा चौरस बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक ठेवले तर एकवीसच तारे लागतात. म्हणजे चारशे एक्केचाळीस तुकडे आणि चारशे वीस शिवणी. दिवसाकाठी पाच शिवणी साधल्या असे मानले तर चौऱ्याऐंशी दिवस, म्हणजे साधारणतः एक हिवाळा, केवळ तारे पुरे करण्यास लागेल. हा हिशेब कल्पित आहे, पण त्यातून या पद्धतीचे मर्म कळते. चौऱ्याऐंशी दिवसांत कोणत्याही दिवशी काम अंगावर आले नाही, आणि कोणताही दिवस अगदीच वाया गेला नाही.

यापुढील टप्पा, म्हणजे तीन थर टाचण्याचा, वेगळ्या स्वभावाचा आहे. त्याला लाकडी चौकट लागते, ती घरातील बरीचशी जागा अडविते, आणि भोवती अनेक हात असले तर काम झपाट्याने होते. म्हणूनच शेजारणींनी एकत्र जमून रजई पुरी करण्याची प्रथा पडली. काही घरांत चौकट छताला दोरांनी टांगून रात्री वर ओढून घेत असत, म्हणजे खाली अंथरुणे पडू शकत. खंडांचे काम एकटीचे आणि तुटक; चौकटीचे काम समूहाचे आणि सलग. एकाच वस्तूच्या निर्मितीत वेळेचे हे दोन प्रकार असे एकमेकांस पूरक होतात.

४. टंचाई कशाची?

कापडाच्या टंचाईनेच ही कला जन्मास आली असती, तर कापड स्वस्त होताच ती मागे पडावयास हवी होती. इतिहास उलट सांगतो. कापसातील सरकी काढणाऱ्या व्हिटनीच्या यंत्रास १७९४ मध्ये एकस्व मिळाले; १८२० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल येथे मोठ्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या; आणि छापील सुती कापड सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागले. खंडांच्या रजयांची भरभराट त्यानंतरची आहे. हे कापड स्वस्त होण्यामागे दक्षिणेतील कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे श्रम होते, हेही विसरता येत नाही. कॅन्ससमधील शेतघरात जोडल्या जाणाऱ्या ताऱ्याच्या एका टोकाचा धागा त्या मळ्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

खुद्द ताऱ्याची आकृतीही याच बाजूने साक्ष देते. तारा दिसावयाचा तर त्याच्यामागची पार्श्वभूमी सर्व खंडांत सारखी असावी लागते. टोके निरनिराळ्या चिंध्यांची चालतील. पार्श्वभूमीचे पांढरे वा फिकट कापड, मधले साधे चौरस आणि अस्तर यांसाठी मात्र कित्येक वार एकाच जातीचे कापड हवे. ते बहुधा विकतच आणावे लागे. म्हणजे ताऱ्यांची रजई पाहताना डोळ्यांत भरतात त्या चिंध्या, पण तिचा बहुतांश भाग नव्या कापडाचा असू शकतो.

टंचाईचा काळ खरोखरच आला तो १९२९ नंतरच्या महामंदीत. पशुखाद्य आणि पीठ यांची सुती पोती तेव्हा शेतघरात येत असत. शंभर पौंडी पोत्याची शिवण उसवली की सुमारे वारभर, किंवा थोडे अधिक, कापड मिळे. शाईने छापलेली नावे भिजवून व घासून घालवावी लागत. हे ध्यानी घेऊन कारखानदारांनी पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापण्यास सुरुवात केली, आणि पुढे कागदी पिशव्या येईपर्यंत ती पोती झग्यांना, परकरांना आणि रजयांना पुरत राहिली. टेक्सससारख्या कापूसप्रदेशात भरावासाठी शेतातच उरलेला कापूस वेचून हाताने पिंजला जाई. अशा काळातही खंडाची पद्धत टिकली. कापड बदलले, वेळेची अडचण तीच राहिली.

५. सलग तारा: एक अपवाद

वरील प्रतिपादनास एक मोठा अपवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ‘लोन स्टार’ या नावाच्या रजईत खंडांची पुनरावृत्ती नसते. एकच आठटोकी तारा सबंध रजई व्यापतो. त्याचे प्रत्येक टोक लहान समभुज चौकोनांच्या ओळींनी बनते. एका टोकात नऊ ओळी व प्रत्येक ओळीत नऊ तुकडे धरले तर एक्याऐंशी, आणि आठ टोकांचे मिळून सहाशे अठ्ठेचाळीस तुकडे होतात. येथे चूक साठत जाते. ओळीतील आठ शिवणींपैकी प्रत्येक शिवण इंचाच्या बत्तिसाव्या भागाने चुकली, तर एकाच कडेवर पाव इंचाचा फरक पडतो, आणि तारा मध्यभागी फुगून जमिनीवर सपाट बसत नाही. खंडांच्या रजईत बिघडलेला खंड बाजूस ठेवून दुसरा करता येतो. येथे तशी सोय नाही. ओळी व टोके सुटी शिवता येतात, त्यामुळे कामाचे तुकडे पडतात हे खरे. परंतु चुकीचे तुकडे पडत नाहीत.

असा तारा कोणी व का स्वीकारला याचे सर्वांत बोलके उदाहरण लाकोटा आणि त्यांच्या शेजारच्या मूलनिवासी जमातींचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गवताळ प्रदेशांतील गव्यांचे कळप जवळजवळ नाहीसे करण्यात आले. गव्याचे कातडे हे या लोकांचे पांघरूण होते, तसेच सन्मानाचे दानही होते. १८८७ च्या डॉज कायद्याने त्यांची सामाईक भूमी कुटुंबवार वाटून त्यांना शेतकरी बनविण्याचे धोरण आखले. कुटुंबप्रमुखास १६० एकर, हे प्रमाणही होमस्टेड कायद्यातीलच. मिशनऱ्यांनी आणि निवासी शाळांनी मुलींना शिवण शिकविली ती याच धोरणाचा भाग म्हणून. स्त्रियांनी ती शिकून घेतली आणि तिच्यातून मोठा तारा निवडला. तो त्यांच्या परंपरेतील पहाटेच्या ताऱ्याशी जुळणारा होता. गव्याच्या कातड्याची जागा या रजईने घेतली. जन्म, विवाह, मृत्यू, शिक्षणातील यश अशा प्रसंगी ती आजही दान दिली जाते. येथे रजईचे प्रयोजनच निराळे आहे. जी वस्तू कोणाच्या तरी सन्मानासाठी दान करावयाची, तिच्यासाठी सलग वेळ मुद्दाम काढला जातो. अपवादाने नियमास अशी मर्यादा घातली असली, तरी त्याचा आशयही स्पष्ट केला आहे.

६. नावे आणि दंतकथा

ताऱ्यांच्या नावांवरून इतिहास रचण्याचा मोह विद्यार्थ्याने आवरला पाहिजे. रजयांच्या नमुन्यांची नावे फार जुनी समजली जातात. पण त्यांतील पुष्कळ नावे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकात छापील माध्यमांतून स्थिर झाली. सेंट लुईस येथील ‘लेडीज आर्ट कंपनी’ची सूचिपत्रे, रूथ फिनले यांचा १९२९ मधील आणि कॅरी हॉल व रोझ क्रेट्सिंगर यांचा १९३५ मधील ग्रंथ, ही त्यांची प्रमुख साधने होत. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत रजयांचे नमुने छापले. त्यांची संख्या हजाराच्या वर जाते. पुढे तर शेतकरी वाचकांच्या घरून आलेले नमुनेच तेथे प्रसिद्ध होत. एखादे नाव ‘पारंपरिक’ म्हणून सांगितले जाते तेव्हा ते अशा वृत्तपत्रातून शेतघरात गेले की शेतघरातून वृत्तपत्रात आले, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

याचे एक ठळक उदाहरण असे. गुलामगिरीतून उत्तरेकडे पळून जाणाऱ्यांना मार्ग दाखविण्यासाठी रजया सांकेतिक खुणा म्हणून बाहेर टांगल्या जात, आणि त्यांत ताऱ्याचा खंड ध्रुवताऱ्याची खूण असे, ही कथा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिडन इन प्लेन व्ह्यू’ या पुस्तकामुळे सर्वत्र पसरली. ध्रुवताऱ्याच्या दिशेने लोक पळाले हे सत्य आहे. परंतु पळून आलेल्यांच्या आत्मकथनांत अशा सांकेतिक रजयांचा उल्लेख आढळत नाही, आणि संकेतातील काही नमुने त्या काळी प्रचारात असल्याचा पुरावाही नाही. म्हणून बहुतेक इतिहासकारांनी ही कथा ग्राह्य मानलेली नाही.

त्या समाजाच्या स्त्रियांनी ताऱ्यांना अर्थ दिला नाही असे मात्र यावरून समजू नये. जॉर्जियातील हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म १८३७ मध्ये गुलामगिरीत झाला. स्वातंत्र्यानंतर त्या पतीसह लहानशी शेती करीत. त्यांनी केलेल्या दोन चित्रमय रजया आज अनुक्रमे स्मिथसोनियन संस्थेत आणि बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहेत. त्यांतील तारे तुकडे जोडून केलेले नाहीत, कापून वरून लावलेले आहेत. बॉस्टन येथील रजईच्या एका चौकोनात १३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्री झालेला उल्कावर्षाव दाखविला आहे. हा वर्षाव त्यांच्या जन्मापूर्वीचा. म्हणजे मौखिक स्मृती येथे कापडावर उतरली आहे. चित्रांचे अर्थ त्यांनी स्वतः सांगितले आणि ते टिपून ठेवले गेले. पहिली रजई त्यांनी १८९१ च्या सुमारास आर्थिक ओढगस्तीत पाच डॉलरांना विकली. त्यांची मागणी दहा डॉलरांची होती. येथे कर्त्रीचे नाव, तिचे शब्द आणि किंमत ही तिन्ही उपलब्ध आहेत. अशी साधने हाती असता दंतकथेचा आधार घेण्याचे कारण नाही.

७. गणतीबाहेरचे श्रम

१८५० च्या जनगणनेत शेतीसाठी स्वतंत्र तक्ता होता. त्यात सुधारलेली व न सुधारलेली जमीन, जनावरे, गहू, मका यांबरोबर लोण्याचे पौंडही विचारले जात. स्त्रीच्या हातचे लोणी तेथे आकड्यात उतरले, कारण ते बाजारात जाई. रजई मात्र ‘घरगुती उत्पादनांचे मूल्य’ या एका रकान्यात विरून गेली असेल, किंवा तेथेही पोहोचली नसेल. शेतीच्या आर्थिक इतिहासाची मुख्य साधने हीच असल्यामुळे तुटक वेळातील श्रम त्या इतिहासाबाहेर राहिले.

रजईला बाजारात मोल आले तेव्हाही कर्त्री पडद्याआडच राहिली. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त सिअर्स कंपनीने रजयांची स्पर्धा घेतली. महामंदी ऐन भरात होती. सुमारे २४,००० रजया आल्या. सर्वोच्च पारितोषिक केंटकीहून आलेल्या ‘अननोन स्टार’, म्हणजे ‘अज्ञात तारा’, या रजईस मिळाले; रक्कम एकंदर १,२०० डॉलर होती. पुढील संशोधनातून उघड झाले की, ज्या महिलेच्या नावावर ती रजई पाठविली गेली होती तिने ती शिवलेलीच नव्हती. मजुरीवर घेतलेल्या स्त्रियांनी ती केली होती. पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला नाही, आणि काम जाईल या भीतीने त्या बोलल्याही नाहीत. रजईचे नाव असे अनपेक्षितपणे सार्थ ठरले.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात रजया अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगण्यात आल्या. त्या प्रदर्शनाने रजईला कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्य केले पाहिजे. तथापि भिंतीवर टांगलेली रजई एका दृष्टिक्षेपात पाहिली जाते. ती झाली होती मात्र शेकडो लहानलहान बैठकांतून. १९८१ मध्ये केंटकीत घरोघरच्या रजयांची नोंद करण्याचा उपक्रम सुरू झाला आणि इतर राज्यांनी तो उचलला. १९९७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठात रजयांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. त्यामुळे मोठ्या संख्येने रजया, त्यांच्या कर्त्रींची नावे व त्यांची हकिकत अभ्यासकांस एकत्र मिळू लागली.

या सामग्रीचा उपयोग करणाऱ्याने रंग आणि आकृती यांच्या जोडीला शिवणीही मोजाव्यात, असे सुचवावेसे वाटते. किती शिवणी सरळ आहेत, किती ठिकाणी वळावे लागले, कोणता खंड उसवून पुन्हा शिवला आहे, कोठे एका खंडाचा दोरा दुसऱ्याहून निराळा आहे, हे रजई उलटून पाहिल्यास दिसते; अस्तर लागले असेल तर बोटांनी चाचपून काही अंशी कळते. रोजनिशी लिहिण्यास ज्या स्त्रियांना सवड नव्हती, त्यांचा दिवस कसा तुटत होता आणि तरी तो त्यांनी कसा सांधून घेतला, याची नोंद या शिवणींत राहिली आहे. आपल्याकडील गोधड्या व वाकळा यांची मोजणी या दृष्टीने झाली, तर तेथील थर आणि धावदोऱ्याच्या ओळी वेळेविषयी काय सांगतात हेही पाहता येईल. त्या घरोघर फडताळांत आहेत. परंतु ज्या हातांनी त्या शिवल्या ते हात फार काळ उपलब्ध राहणार नाहीत. म्हणून मोजणी करताना ‘ही केव्हा शिवलीत?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘कोणकोणत्या कामांच्या मधल्या वेळात शिवलीत?’ असेही विचारावे.